वर्मेंतीनो: इटलीच्या समुद्रकाठची व्हाईट वाईन पहिल्यांदा घेताय? आधी जेवण ठरवा

इटालियन व्हाईट वाईन म्हटलं की आपल्याकडे लोक डोळे झाकून पिनो ग्रिज्यो मागवतात. वाईट नसते, पण समोर मासे असतील, काहीतरी तळलेलं असेल किंवा पेस्तो (बेसिलची हिरवी इटालियन चटणी) घातलेला पास्ता असेल तर वर्मेंतीनो मागवून बघा. समुद्रकाठच्या लोकांनी समुद्रकाठच्या जेवणासोबत प्यायची वाईन आहे ही. हा लेख ज्यांनी वाईनच्या दोन-चार बाटल्यांपलीकडे काही बघितलं नाही आणि दुकानात गेल्यावर लेबलं बघून गोंधळ उडतो त्यांच्यासाठी. मुरलेल्या मंडळींनी सोडून दिला तरी चालेल.

माझं एकच म्हणणं आहे, ते आधीच सांगते. ही वाईन नुसती प्यायची नाही. नुसती प्यायलात तर म्हणाल, ठीक आहे, आंबट आहे, शेवटी जरा कडवट लागतेय. सोबत मीठ आणि तेल असलेलं काहीतरी खा आणि मग प्या. तोच आंबटपणा तेल कापतो, तोच कडवटपणा चांगला वाटायला लागतो. म्हणून बाटली निवडायच्या आधी ताटात काय असणार ते ठरवा, बाकी सगळं त्यामागून येतं.

१. आधी ही कुठली ते समजून घ्या, म्हणजे दुकानात फसणार नाही

वर्मेंतीनो हे द्राक्षाचं नाव. मुख्य तीन ठिकाणं लक्षात ठेवा: सार्डिनिया बेट, लिगुरिया (जेनोवा शहराच्या दोन्ही बाजूंना पसरलेली किनारपट्टी) आणि तोस्कानाचा समुद्राकडचा भाग, म्हणजे बोलगेरी, मारेम्मा वगैरे. शेजारचं कॉर्सिका बेट फ्रान्सचं, तिथेही हेच द्राक्ष आहे आणि फ्रान्सच्या प्रोव्हॉन्स भागात याला रोल म्हणतात. लिगुरियात आल्बेंगा गावाच्या आसपास पिगातो नावाची वाईन मिळते, वायव्य इटलीतल्या पिएमोंतेत फावोरिता मिळते, आणि डीएनए तपासल्यावर ही सगळी एकच द्राक्षं निघाली, फक्त शेकडो वर्षं वेगवेगळ्या जमिनीत वाढल्यामुळे चवीत थोडा फरक पडलाय. लिगुरियातल्या माणसासमोर मात्र पिगातो आणि वर्मेंतीनो एकच आहे असं बोलू नका, अख्खी संध्याकाळ त्यातच जाईल.

सार्डिनियाच्या ईशान्य टोकाला गाल्लुरा म्हणून भाग आहे, ओल्बिया, आर्झाकेना, तेंपिओ पाउसानिया ही तिथली गावं. जमीन ग्रॅनाइटची, भुसभुशीत, पाणी धरून न ठेवणारी आणि वायव्येकडून येणारा माएस्त्राले वारा असा सुटतो की द्राक्षवेली कुडकुडत उभ्या असतात. वाऱ्यामुळे घड कोरडे राहतात, बुरशी कमी लागते. इथल्या वाईनला, म्हणजे वर्मेंतीनो दी गाल्लुराला, १९९६ साली डीओसीजी दर्जा मिळाला, इटलीच्या वर्गवारीतला सगळ्यात वरचा, आणि अख्ख्या सार्डिनियात हा दर्जा असलेली ही एकच वाईन आहे. गंमत म्हणजे बाटलीचं बूच ज्या झाडाच्या सालीपासून बनतं ते कॉर्क ओकही गाल्लुरातच दाट आहेत, कालांज्यानुस हे गाव तर इटलीतल्या बूच धंद्याचं मुख्य ठिकाण. साल एकदा काढली की पुन्हा काढायला नऊ-दहा वर्षं थांबावं लागतं, झाड मात्र तोडत नाहीत.

लिगुरियाच्या पूर्व टोकाला कोल्ली दी लुनी हा भाग लागतो, थोडा लिगुरियात आणि थोडा तोस्कानात. जवळच लुनी म्हणजे जुनं रोमन लूना, इसवी सनपूर्व १७७ मध्ये वसवलेलं, काराराचा संगमरवर याच बंदरातून जहाजांवर चढायचा. आज तिथे अवशेष आहेत आणि मागच्या टेकड्यांवर वर्मेंतीनोच्या वेली.

अजून एक, बरेच लोक इथे गडबडतात. लिगुरियाच्या किनाऱ्यावरची चिंक्वे तेर्रे ही पाच गावं फिरायला गेलेले लोक तिथली व्हाईट वाईन पिऊन येतात आणि वर्मेंतीनो प्यायलो म्हणतात. चिंक्वे तेर्रेच्या वाईनमध्ये मुख्य द्राक्ष बोस्को असतं, सोबत आल्बारोला आणि वर्मेंतीनो. चांगली असते, पण ती वेगळी.

२. लेबल कसं वाचायचं

लेबलवर चार गोष्टी बघा, बाकी सुंदर चित्रं, राजवाडे, पदकं सोडून द्या.

पहिलं, साल. ही वाईन तरुण प्यायची असते. चालू वर्षाच्या मागचं किंवा त्याच्या मागचं वर्ष असेल तर उत्तम, तीन वर्षांपर्यंत ठीक. दुकानदार पाच-सहा वर्षांची जुनी बाटली सवलतीत देत असेल आणि वर 'जुनी वाईन म्हणजे भारी' सांगत असेल तर हसून नमस्कार करा आणि पुढे चला. महागड्या, लाकडी पिंपात ठेवलेल्या काही गाल्लुरा जास्त टिकतात पण पहिल्या बाटलीला त्या वाटेला जायचं कारण नाही.

दुसरं, दर्जा आणि जागा. 'वर्मेंतीनो दी सार्देन्या' लिहिलं असेल आणि खाली डीओसी (डीओसीजीच्या खालचा दर्जा) असेल तर ती बेटावर कुठल्याही भागातली असू शकते, किमान ८५ टक्के वर्मेंतीनो. 'दी गाल्लुरा' असेल तर डीओसीजी, किमान ९५ टक्के. डीओसीजी बाटलीच्या मानेवर नंबर छापलेली कागदी पट्टी असते, ती बघा. गाल्लुराच्या नावापुढे 'सुपेरियोरे' लिहिलं असेल तर त्यात अल्कोहोल जरा जास्त, किमान १३ टक्के, साधीला किमान १२. सुपेरियोरे म्हणजे आपोआप जास्त चांगली असं नाही, जास्त भरदार एवढंच. भाजलेल्या मोठ्या माशाबरोबर ती घ्या, दुपारी बाल्कनीत बसून प्यायची असेल तर साधी बरी.

तिसरं, 'पास्सीतो' किंवा 'वेन्देम्मिया तार्दीवा' हे शब्द दिसले तर थांबा. पहिला म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची, दुसरा उशिरा तोडलेल्यांची, गोडाकडे झुकणाऱ्या असतात आणि माशाबरोबर घोटाळा होतो.

चौथं, शाकाहारी आणि व्हीगन लोकांसाठी. वाईन गाळून स्वच्छ करताना कधीकधी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात. तुम्हाला चालत नसेल तर मागच्या लेबलवर व्हीगन लिहिलेली बाटली शोधा, हल्ली बऱ्याच मिळतात.

वाईन बनवणाऱ्यांची नावं हवीच असतील तर सार्डिनियातली आर्जोलास (त्यांची कोस्तामोलीनो ही साधी, सरळ बाटली सुरुवातीला छान), आल्गेरोजवळची सेल्ला ए मोस्का, मोंती गावातली सहकारी काँतीना देल वर्मेंतीनो. कापिकेरा हे आर्झाकेनाचं वाईन बनवणारं नामांकित आणि महाग घराणं. लुनीकडे लुनाए, तोस्कानात आंतिनोरींची ग्वादो आल तास्सो. ही काही यादी पाठ करायची नाही, दुकानात यातलं एखादं दिसलं तर उचला एवढंच.

३. कुठून घ्यायची

युरोपात राहत असाल तर प्रश्नच नाही, सुपरमार्केटमध्येही असते, इटलीत दुकानात १० ते १५ युरोत चांगली बाटली येते. भारतात आयातशुल्क आणि वरून राज्याचा कर यामुळे तीच बाटली कितीतरी महाग पडते, आणि मुंबई-पुण्यातल्या साध्या वाईन शॉपमध्ये नाव घेतलं तर समोरचा तुमच्याकडे बघत बसतो. मोठ्या शहरांतली इम्पोर्टेड माल ठेवणारी दुकानं बघा, फोन करून विचारा, ते मागवून देतात. गोव्यात कर कमी असल्यामुळे स्वस्त पडू शकते पण तिथून महाराष्ट्रात बाटल्या आणायला परवाना लागतो, गाडीच्या डिकीत लपवून आणायचे सल्ले देणाऱ्यांचं ऐकू नका.

सगळ्यात सोपं म्हणजे परदेशातून येणाऱ्या नातेवाईकाला सांगणं. भारतात येताना माणशी २ लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, त्यात वाईनही आली, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. हँड बॅगेत चालत नाही, चेक-इन बॅगेत जाड मोजे आणि स्वेटर यांच्यामध्ये गुंडाळून ठेवायची, आणि वर एक प्लास्टिकची पिशवी बांधायची कारण फुटली तर आत्याच्या नव्या साड्यांचं काय होईल याचा विचार करा.

मिळालीच नाही तर? नाशिककडची सोव्हिन्यॉ ब्लाँ घ्या, कोरडी (म्हणजे गोड नसलेली), आंबट, जरा हिरवट वासाची, या लेखातल्या बहुतेक पदार्थांबरोबर ती चालून जाते. नाशिकच्या बऱ्याच शेनाँ ब्लाँ मात्र किंचित गोडसर असतात, त्या इथे नकोत. इटलीतलीच दुसरी चालणार असेल तर आद्रियातिक किनाऱ्याकडची वेर्दिक्किओ किंवा नेपल्सकडची फालांगीना, दोन्ही समुद्राच्याच नातेवाईक.

४. थंड करणं (इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात)

हवं तापमान ८ ते १० डिग्री, सुपेरियोरे असेल तर ११-१२. घरच्या फ्रीजमध्ये आडवी-उभी कशीही ठेवा, तीन तास पुरतात. फ्रीज साधारण ४ डिग्रीला असतो म्हणून प्यायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढायची. अति थंड वाईनला वासच येत नाही, फक्त आंबट पाणी लागतं, आणि आपल्याकडे पार्टीत ग्लासात बर्फ टाकायची जी पद्धत आहे ती कृपया इथे नको, पातळ होऊन सगळी मजा जाते.

पाहुणे दारात आलेत आणि बाटली गरम आहे, मग काय? बादलीत किंवा मोठ्या पातेल्यात बर्फ घ्या, त्यात पाणी ओता आणि मूठभर जाडं मीठ टाका, जुन्या लाकडी पॉटमध्ये आईस्क्रीम करायचे ना, तेच तंत्र. नुसत्या बर्फात बाटलीला मधे मधे हवाच लागते, पाण्यात ती सगळीकडून थंड होते आणि मिठामुळे पाणी शून्याच्याही खाली जातं. वीस मिनिटांत काम होतं. डीप फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर वाईन गोठून फुगते, बूच वर सरकतं आणि कधी बाटलीच फुटते.

५. उघडणं, ओतणं, चव

फिरकीचं झाकण असेल तर हलकी वाईन समजू नका, ताजी राहावी म्हणूनच लावतात. बूच असेल तर साधा ओपनर. बूच तुटून आत पडलं तर चहाच्या गाळणीतून गाळा, काही बिघडत नाही. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा, तळघरासारखा वास आला तर ती बुचामुळे बिघडलेली बाटली, तब्येतीला काही होत नाही पण चव मेलेली असते, हॉटेलात असाल तर बिनधास्त परत द्या.

ग्लास एक तृतीयांश भरा, वरपर्यंत नाही. ७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, म्हणजे चार माणसांना जेवणाबरोबर एक बाटली बेताची, दोन असल्या तर बऱ्या. (गाडी चालवणाऱ्याला सोलकढी द्या.)

ग्लास जरा फिरवा आणि हुंगा. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, कधी पांढरा पीच, आणि मागे रोझमेरी, बडीशेप यांसारखा रानटी झाडोऱ्याचा वास. सार्डिनियात उन्हाने तापलेल्या झुडपांमधून चालताना असाच वास येतो म्हणतात लोक. मग घोट. आधी आंबट, मधे जराशी खारट झाक, शेवटी कडू बदामासारखी हलकी कडवट ओढ. हा कडवटपणा दोष नाही, वर्मेंतीनोची ओळखच ती. पहिल्या घोटाला कळलं नाही तर जास्त विचार करू नका, एक तळलेला मासा खा आणि परत घोट घ्या.

६. आता खरं काम: काय खायचं

नियम सांगायचा तर तीनच आहेत. वाईन खाण्याएवढी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. पदार्थात साखर असेल तर कोरडी वाईन एकदम आंबटढाण लागते. आणि तिखट जितकं जास्त तितकं अल्कोहोल जिभेला झोंबतं. हे लक्षात राहिलं की बाकीचं तुमचं तुम्हीच शोधू शकता.

तिकडे लोक काय खातात ते आधी बघू.

लिगुरियात पहिला नंबर पेस्तोचा. जेनोवाची छोट्या पानांची बेसिल, पाइन नट्स, लसूण, जाडं मीठ, पार्मेजान, सार्डिनियाचं पेकोरीनो (मेंढीच्या दुधाचं चीज) आणि लिगुरियातलंच सौम्य ऑलिव्ह तेल, संगमरवरी खलात कुटलेलं. त्रोफ्ये नावाच्या पिळदार पास्त्याबरोबर, आणि त्याच भांड्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी उकडतात, हे आपल्याकडच्या हॉटेलात कोणी करत नाही आणि खरी मजा त्यातच आहे, बटाटा मोडून सॉसला लागतो. पेस्तोतला हिरवा वास आणि वर्मेंतीनोतला हिरवा वास एकमेकांना ओळखतात. घरी करताना आपली तुळस घालू नका. देवघरातली तुळस लवंगेसारखी उग्र असते, पेस्तोचा काढा होतो. (आणि शाकाहारी मंडळींनो, पार्मेजान आणि बहुतेक पेकोरीनो वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, चालत नसेल तर शाकाहारी लिहिलेलं हार्ड चीज घ्या.)

दुसरी गोष्ट फारिनाता, आणि ही आपल्या माणसांसाठीच बनवल्यासारखी आहे कारण ती चक्क बेसनाची. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, संपलं. जेनोवात लाकडाच्या भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजतात आणि तुकडे करून कागदात देतात. घरी असं करा: १०० ग्रॅम बारीक बेसन, ३०० मिली पाणी, अर्धा चमचा मीठ, गुठळ्या मोडून एकजीव करायचं आणि किमान चार तास झाकून ठेवायचं, सकाळी भिजवून संध्याकाळी केलं तर अजून चांगलं. वर फेस येतो तो चमच्याने काढून टाका. मग तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल त्यात घाला, ३० सेंटिमीटरच्या ट्रेला अजून चमचाभर लावा, ओतल्यावर थर अर्धा सेंटिमीटरच्या आसपासच हवा, जाड झाला की ते पिठल्याच्या वड्यांकडे जायला लागतं. ओव्हन जितका तापेल तितका, २५० डिग्री असेल तर बेस्ट, ट्रे आधी खालच्या कप्प्यात दहा मिनिटं आणि मग वरच्या कप्प्यात सोनेरी डाग पडेपर्यंत. बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत पाहिजे. वरून भरपूर ताजी काळी मिरी आणि गरम गरमच खायची. हळद, हिंग, ओवा, हिरवी मिरची यातलं काहीही घालायचा मोह होतो, एकदा तरी आवरा. यात तेल आहे, मीठ आहे, बाकी काही नाही, त्यामुळे वर्मेंतीनो म्हणजे काय हे मासे न खाणाऱ्याला समजून घ्यायला यापेक्षा चांगला पदार्थ मला माहीत नाही. श्रावणात मासे बंद असणाऱ्या घरांतही चालेल, अर्थात वाईनचं श्रावणात काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग तळलेले छोटे मासे. जेनोवाजवळच्या कामोल्यी गावात १९५२ पासून मे महिन्यात मासळीचा उत्सव भरतो, काही मीटर रुंदीच्या प्रचंड कढईत मासे तळून वाटतात. अँकोव्ही तर त्या किनाऱ्याचा जीव, ताजी तळतात, पोटात सारण भरून तळतात, मोंतेरोस्सो गावात मिठात मुरवून ठेवतात. आपली मांदेली ही अँकोव्हीच्याच कुळातली, त्यामुळे इथे जमवाजमव करावीच लागत नाही. मांदेली साफ करून मीठ आणि लिंबू लावा, तिखट अगदी नावाला, रवा किंवा तांदळाच्या पिठात घोळवून कडक तळा. बोंबीलही तसाच, म्हाकूलचे रिंग तसेच. वाईनचा आंबटपणा तेल धुऊन काढतो आणि पुढचा मासा परत पहिल्यासारखा लागतो, प्लेट कधी संपते कळत नाही.

सार्डिनियात जाऊ. पश्चिम किनाऱ्यावर काब्रास गाव आहे, तिथे बोत्तार्गा करतात: बोय माशाची गाभोळी अख्खी काढून मीठ लावायची, दाबायची आणि सुकवायची, महिन्या-दोन महिन्यांत अंबर रंगाची कडक वडी तयार. तिचे पातळ काप ऑलिव्ह तेलाबरोबर किंवा किसून स्पागेत्तीवर. चव इतकी खारट आणि मासळीची की नवख्याने चिमटीएवढ्यापासून सुरुवात करावी. गाभोळी तव्यावर परतून खाणाऱ्या कोकणी माणसाला हे परकं वाटणार नाही. रेड वाईन याच्याबरोबर भयंकर लागते, तोंडात लोखंड आणि शिळी मासळी. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की माशाबरोबर येणाऱ्या त्या चवीमागे वाईनमधलं लोह असतं, लोह जास्त तितकी वाईट चव.

आता तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं बघा. सार्डिनियात फ्रेगुला म्हणून रव्याचे भाजलेले छोटे गोळे असतात, ते तिसऱ्यांच्या रश्श्यात शिजवतात. बाकी इटलीत स्पागेत्ती. आपल्याकडे तिसऱ्या मिळतात, स्पागेत्ती मिळते, अजून काय पाहिजे. चार माणसांना एक किलो तिसऱ्या, मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवून वाळू काढा, पाणी मधे एकदा बदला, फुटलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या टाकून द्या. रुंद कढईत ऑलिव्ह तेल, ठेचलेली लसूण, एक सुकी मिरची मोडून. लसूण लाल होऊ देऊ नका. तिसऱ्या टाका, अर्धा ग्लास हीच वाईन ओता, झाकण, मोठी आच. तीन-चार मिनिटांत उघडतात. न उघडलेल्या फेका. पाणी टाकून द्यायचं नाही, सगळी चव त्यात आहे, तळाला वाळू वाटली तर फडक्यातून गाळा. स्पागेत्ती पूर्ण शिजायच्या दोन मिनिटं आधी काढून याच कढईत टाका आणि हलवत राहा, पास्त्याचं थोडं पाणी घाला, रस दाटसर होऊन पास्त्याला चिकटला की पार्सली (नसेल तर थोडी कोथिंबीर, इटालियन ओरडतील, ओरडू दे) आणि बंद. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, तिसऱ्यांचं पाणी आधीच खारट असतं. चीज अजिबात नाही.

गाल्लुरात नुसते मासेच खातात असंही नाही. समुद्रापासून आत गेलं की झुप्पा गाल्लुरेझे मिळते, नाव सूपचं असलं तरी शिळ्या पावाचे आणि चीजचे थर मटणाच्या रश्श्यात भिजवून भट्टीत भाजलेले, चमच्याने नाही तर सुरीने वाढायची, आणि सोबत वर्मेंतीनोच असते, तिथे सुपेरियोरे बरी. कोवळं पेकोरीनो आणि पाने काराझाऊ ही पापुद्र्यासारखी कडक भाकरी, वर तेल आणि मीठ, ही तर सगळ्यात आळशी आणि माझी आवडती जोडी.

७. आपल्या जेवणाबरोबर

कोथिंबीर वडी पहिली. बेसन, हिरवा वास, तळण, सगळं जुळतं, फक्त गोड चटणी बाजूला ठेवा. बटाटेवडा लसणाच्या कोरड्या चटणीशिवाय. भाजलेलं पापलेट मीठ, लिंबू, लसूण एवढ्यावर. ओल्या खोबऱ्यातल्या सुक्या तिसऱ्या, मसाला निम्मा करून, चालतात.

अळूवडी नको, चिंच-गुळामुळे वाईन उगाच आंबट लागते. तांबडा रस्सा नको, मालवणी तिखलं नको, लोणचं तर मुळीच नको. तिखट खायचंच असेल तर त्या दिवशी थंड बिअर घ्या, त्यात काही कमीपणा नाही, वर्मेंतीनोचे पैसे वाया घालवू नका.

८. उरली तर

बूच उलटं न करता आहे तसं परत लावा, फ्रीजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवस ठीक राहते. वास मंद झाला तर प्यायला मजा नाही पण स्वयंपाकाला चालते, तिसऱ्यांना अर्धा ग्लास लागतोच. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलीत तर पुढच्या बाजाराच्या दिवशी दोन-तीन खडे काढून थेट कढईत टाकता येतात.